जास्वंदीची बदली



श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातला पारिजातक उपटून द्वारकेला आणला, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. देवाला ते जमलं. पण अंगणातली दहा-बारा वर्षांची जास्वंद तुम्ही अशी उपटलीत, तर ती चार दिवसांत मान टाकेल. का बरं?

झाड पाणी पितं ते जाडजूड मुळांनी नव्हे, तर मुळांच्या टोकाजवळच्या बारीक मूलरोमांनी. ही टोकं खोडापासून लांब पसरलेली असतात. आपण खणलं की नेमकी तीच तुटून मागे राहतात. वर पानांतून पाण्याची वाफ मात्र जातच असते. जमा बंद, खर्च चालू!

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत घराला घर खेटून असतं. हौसेनं लावलेली जास्वंद बघता बघता खिडकी झाकते, वाट अडवते. मग कुणीतरी म्हणतं, "तोडून टाका." थांबा! तिची बदली करता येते. फक्त घाई नको.

मृगाचा पाऊस पडून माती मऊ झाली की खोडाभोवती गोल आखा. खोड २ इंच जाड असेल, तर गोल २ फूट रुंद. या गोलाच्या फक्त अर्ध्या बाजूने हातभर खोल चर खणा आणि शेणखत मिसळलेल्या मातीने बुजवा. तिथे तुटलेल्या मुळांना नवी बारीक मुळं फुटतात. दीड-दोन महिन्यांनी, श्रावणातल्या एखाद्या ढगाळ संध्याकाळी, उरलेली बाजू खणा. बुजवलेल्या बाजूला मात्र चराच्या बाहेरून खणा, म्हणजे नवी मुळं सोबत येतील. एक तृतीयांश फांद्या छाटा. मातीचा गड्डा गोणपाटात घालून सुतळीने आवळा. त्याचं वजन शंभर किलोंच्या पुढे जातं, तेव्हा घरातली मोठी माणसं मदतीला हवीतच. नव्या खड्ड्यात आधीच्याच खोलीवर बसवा, पाणी घाला आणि वर उसाचं पाचट पसरा. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, तेवढं सांभाळा.

त्या वर्षी गणपतीला घरची फुलं बहुधा मिळणार नाहीत. आजीला हे आधीच सांगून ठेवा. शिवाय एवढं करूनही झाड जगेलच, असं नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या वाळूमिश्रित मातीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतील. झाड जगलं तर उत्तम. काड्याही जगल्या, तर शेजाऱ्यांच्या गणपतीलाही फूल!