माजिवड्याचा नाका आणि पहाटेची सायकल

सायकल चालवणाऱ्याला ठाण्यात माजिवड्याइतकी मोक्याची जागा दुसरी नाही. पोखरण रोड नंबर दोन धरला की चार-पाच किलोमीटरवर उपवन तलाव आणि तिथून वर येऊरचा चढ. बाळकुमकडे वळलं तर कोलशेतचा सपाट रस्ता आणि पलीकडे खाडी. घोडबंदर रोडने सुटलं तर गायमुख, फाउंटन, पुढे वसई. नाशिक हायवेला लागलं तर साकेतचा पूल, खारेगाव, पडघा. आणि पायांत दम असेल तर शहापूरजवळचं मानस मंदिर. दादर-माटुंग्याचे सायकलवाले अंधारात उठून, अख्खा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे तुडवून जिथे पोहोचतात, तिथे आमची सुरुवात होते.

या सगळ्या रस्त्यांमध्ये माझा जीव येऊरवर आहे. चढ तसा छोटा, वर गावापर्यंत चार-पाच किलोमीटरच भरेल, पण वनखात्याचा नाका मागे पडला की हवा बदलते. एका वळणाआधी हॉर्न ऐकू येत असतात, वळणानंतर तांबट आणि कोतवाल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. उद्यान सगळं मिळून शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंनी शहर त्याला भिडलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा शेवटच्या चढावर धाप लागली तरी मान वर जातेच. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची तर घाट चढायची सवय लागते, म्हणून आमच्याकडचे बरेच जण एका सकाळी लागोपाठ दोन-तीनदा येऊर मारतात.

उतरताना मात्र माझं सगळ्या सायकलवाल्यांना सांगणं आहे. पहिला पाऊस पडला की येऊरच्या पाड्यांवरच्या वारली बायका डोक्यावर टोपली घेऊन याच रस्त्याने खाली येतात. टोपलीत शेवळं, पुढे टाकळा, कुर्डू, करटोली. ठाण्याच्या बाजारात आपण ज्या रानभाज्या घेतो, त्यांतल्या बऱ्याच अशा पायी उतरलेल्या असतात. रस्ता अरुंद, कडेला पालापाचोळा, वळणावर समोरचं दिसत नाही. तिथे चाळीसच्या वेगाने सायकल सोडणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. तो रस्ता आधी त्यांचा, मग बिबट्याचा, मग आपला. तिथे वेगाचे विक्रम करू नका आणि स्पीकरवर गाणीही लावू नका.

तलावांचं शहर म्हणून ठाण्याचं नाव आहे. एकेकाळी साठाच्या वर तलाव होते असं जुने ठाणेकर सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरले आहेत. धावणाऱ्यांचा मेळा भरतो तो मुख्यतः कचराळीला आणि उपवनला. महापालिकेच्या मुख्यालयाशेजारचा कचराळी सुरक्षित आहे, झाडं आहेत, पहाटे दिवे असतात. एकट्या बाईने निर्धास्तपणे धावावं अशा ठाण्यातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. पण फेरी लहान, आणि चालणाऱ्यांची गर्दी सहाच्या आधीच होते. दहा किलोमीटरला तिथे फेऱ्या मोजून डोकं फिरतं. म्हणून ऑगस्टच्या वर्षा मॅरेथॉनची किंवा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे शेवटी रस्त्यावरच उतरतात. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाकाठी, मात्र धावायला जाऊ नये. मासुंदा संध्याकाळी बसायला, भेळ खायला आणि गडकरी रंगायतनमधल्या नाटकाआधी एक चक्कर मारायला आहे. कल्याणकरांकडे काळा तलाव आणि दुर्गाडीहून गांधारी पुलाकडे जाणारा रस्ता आहे, तोही चांगला. डोंबिवलीकर बिचारे एमआयडीसीतून बाहेर पडेपर्यंतच दमतात.

आता माजिवड्याच्या नाक्याकडे येते, कारण आज लिहायला बसले ती त्याच्यासाठी. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, घोडबंदर रोड आणि नाशिक हायवे, तिघांची गाठ इथे पडते. वरून गाड्यांसाठी उड्डाणपूल आहेत. खाली गोल्डन डाइज नाक्यावर चालणारा, धावणारा आणि सायकलवाला यांच्यासाठी फक्त नशीब आहे. शहरात अवजड वाहनांवर दिवसा वेळेचं बंधन असतं, त्यामुळे उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर आणि भिवंडीच्या गोदामांचे ट्रक रात्री इथून धावतात. पहाटे पाचला आपण ताजेतवाने होऊन निघतो तेव्हा समोरचा ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो आणि बंदीची वेळ सुरू व्हायच्या आत शहराबाहेर पडायच्या घाईत असतो. मी निघण्याची वेळ सहाच्या पुढे ढकलली आहे. ऊन सोसेन, पण ती घाई अंगावर घेणार नाही.

पावसाळ्यात नाका आणखी अवघड होतो. मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा ओल्या झाल्या की त्यांवर टायर धरत नाही. त्यावरून जाताना ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही, सरळ वाहू द्यायचं. पट्ट्यांचा पांढरा रंगही तितकाच घातकी. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेने असतील तर पातळ टायर सरळ आत जातो. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. एवढं सगळं सांभाळून नाका ओलांडायचा तो कशासाठी? चार किलोमीटरवरच्या तलावाला फेरी मारायला! साध्या व्यायामासाठी एवढी सर्कस करावी लागते, यात काहीतरी मुळातून चुकलं आहे.

घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंनी सेवा रस्ते होते. सोसायट्यांतली मुलं त्यांवर सायकल शिकली, बायका पहाटे गटागटाने धावायला लागल्या, कारण मुख्य रस्त्याचा वेग तिथे येत नव्हता. आता कोंडी सुटावी म्हणून हे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम सुरू झालं. कोंडीचा त्रास मला मान्य आहे; इथे राहणाऱ्याला तो कुणी समजावून सांगायला नको. पण लेन वाढवल्या की गाड्या वाढतात आणि काही दिवसांत कोंडी परत येते, हे मुंबईने पुलामागून पूल बांधून पाहिलं आहे. हिशेबात गेली ती चालणाऱ्याची आणि सायकलची जागा. तिकडे माजिवडा ते वडपे हा नाशिक हायवेचा टप्पाही रुंद होतो आहे. तोही गाड्यांसाठीच.

याउलट, कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी मोठे रस्ते काही तास गाड्यांना बंद होतात. आज तिथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते लोकांना मिळतात; आजी-आजोबा, पोरंसोरं, सगळे उतरतात. लांब कशाला, मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते असेच लोकांसाठी मोकळे केले, तेव्हा मरीन ड्राइव्हवर काय झुंबड उडाली होती! खर्च म्हणाल तर बॅरिकेड आणि थोडा बंदोबस्त.

ठाण्याने पोखरण रोड नंबर दोनपासून सुरुवात करावी. रविवारी सकाळी सहा ते नऊ, माजिवडा ते उपवन, एक बाजू गाड्यांना बंद. घोडबंदर रोडचं काम जिथे अजून चालू आहे, तिथे कडेला दीड-दोन मीटरची पट्टी दुभाजकाने वेगळी करून चालणाऱ्यांना आणि सायकलींना द्यावी. केवळ रंग मारलेली पट्टी नको. तिच्यावर संध्याकाळपर्यंत टेम्पो उभे राहतात. आणि माजिवड्याच्या नाक्यावर पायी ओलांडणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा दिवा बसवावा, म्हातारं माणूस पलीकडे पोहोचेल इतका वेळ जळणारा. वाचकांपैकी जे या भागात राहतात त्यांनी आपल्या सोसायटीच्या लेटरहेडवर एवढंच पत्र महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना पाठवावं. माझ्या सोसायटीचं पत्र गेलं आहे.