मेंदूचा नकाशा आपलाही हवा

कंपवाताच्या शस्त्रक्रियेत इलेक्ट्रोड मेंदूतील जेमतेम काही मिलिमीटरच्या केंद्रकात बसवावा लागतो. दोन मिलिमीटरची चूकही वाचेवर परिणाम करू शकते. तरीही मेंदूतील अशी ठिकाणे दाखवणारा १९८८चा प्रसिद्ध टॅलेराक नकाशा एकाच फ्रेंच वृद्धेच्या मेंदूवर बेतलेला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या एमआरआयवरून नकाशा केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्य मेंदूपेक्षा आकाराने लहान आढळला. हे काम वाढले पाहिजे. पुण्यातील सांगवी फाट्यावरील जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीतील वायसीएम रुग्णालय यांना सोबत घेऊन शासनाने सर्व वयांच्या स्वयंसेवकांची संमतीने एमआरआय चित्रे जमवावीत. नकाशा केवळ दिशा दाखवतो; अखेरचा निर्णय रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरच व्हावा.