रविवार म्हणजे ड्राय डे!

आमच्या फ्लॅटवर दर रविवारी ड्राय डे असतो. दचकू नका, फ्रिजमधल्या बिअरशी त्याचा काही संबंध नाही. हा महापालिकावाला 'कोरडा दिवस'. आठवड्यातून एकदा घरातलं साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. भिंतीवरची ती पोस्टरं मीही वर्षानुवर्षं बघून न बघितल्यासारखी केली होती. मागच्या सप्टेंबरपर्यंत.

कोथरूडात टू बीएचके, मी आणि माझी रूमी. ती आयटीवाली, मी फ्रीलान्सर, म्हणजे दिवसभर घरात. एका मंगळवारी ती ऑफिसातून लवकर आली ती थेट पांघरुणात. ताप १०३. 'डोळ्यांच्या मागे दुखतंय यार' म्हणाली. मी पर्समधली आयबुप्रोफेनची गोळी काढून दिली आणि वर स्वतःवर खूषही झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यावरून माझी जी हजेरी घेतली! डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. एनएस-१ टेस्ट पॉझिटिव्ह आली.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आम्ही खिचडीला टाटा करून बिर्याणी मागवली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे. पण ताप गेला म्हणजे आजार गेला, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना! रात्री तिचं पोट भयंकर दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. दीड वाजता रिक्षातून हॉस्पिटल. तिथून सांगलीला तिच्या आईला फोन केला. 'काकू, घाबरू नका' हे वाक्य मी तीनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा माझाच आवाज फुटला.

तीन दिवस सलाइन. या काळात पपईच्या पानांचा रस सुचवणारे सतरा जण भेटले, ओआरएस आणून देणारा एक.

ती अ‍ॅडमिट असतानाच महापालिकेच्या दोन ताई टॉर्च घेऊन दारात. मी एकदम कॉन्फिडंट. 'आमच्याकडे डास नाहीतच हो, रात्री मशीन लावतो.' त्यातल्या एक ताई हसल्या. 'मॅडम, हा रात्रीचा नाही. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त.' म्हणजे मी शॉर्ट्स घालून लॅपटॉपपुढे बसते नेमकी ती वेळ! मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या मनी प्लांटच्या बाटलीवर टॉर्च मारला. पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

इथे एक कबुली द्यायला हवी. 'घर सजवा स्वस्तात' छापाचे चार लेख मी लिहिलेत आणि त्यातल्या तिन्हींत काचेच्या बाटलीतला मनी प्लांट आहे. (चौथा पडद्यांवर होता.)

'पण मी दर रविवारी पाणी घालते!' मी म्हटलं. 'घालता, पण बदलता का?' तिथेच तर गोची होती. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या भिंतीला चिकटवून. कोरडी पडली तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात. वरून पाणी ओतलं, पातळी चढली, अंडी बुडाली की अळ्या बाहेर. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे मी दर रविवारी झाडाला नाही, अंड्यांना पाणी घालत होते. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, बाटली आतून ब्रशने घासायची, मुळं धुवायची.

ताईंनी मग कुंड्यांखालच्या थाळ्या, चिमण्यांसाठी ठेवलेलं वाडगं, फ्रिजमागचा ट्रे असं सगळं दाखवलं. फ्रिजच्या मागे ट्रे असतो हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. अळ्यांचं पाणी त्यांनी कोरड्या मातीत ओतायला लावलं.

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर 'फॉगिंग करा' सुरू झालं होतं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत असतात. शिवाय हा डास लांब उडत नाही, जेमतेम शंभर-दोनशे मीटर. म्हणजे तो आपला तरी किंवा शेजाऱ्याचा. वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटची बाल्कनी उघडायला लावायला मला ग्रुपवर चार दिवस भांडावं लागलं. पण २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तेही याच डासाचं काम. चिकुनगुन्याही त्याचाच. मग भांडायला नको?

रूमीला नेमका माझ्याच बाटलीतला डास चावला की ऑफिसातला, हे कुणीच सांगू शकत नाही. पण बाटलीचा फोटो मी तिला हॉस्पिटलमध्येच दाखवला. लपवणं जमलं नाही. तिने बराच वेळ बघितला.

'म्हणजे तू पाळलेस?'

'हो.'

'काकूला सांगू नकोस,' ती म्हणाली. स्वतःच्या आईला ती काकूच म्हणते, आमच्यात मस्करीत. काकू तेव्हा बाहेर बाकावर डबा उघडत होत्या.

मनी प्लांट आता मातीत आहे. दोन बाटल्या उरल्यात, त्या घासायची पाळी या रविवारी रूमीची. ती आत्ताच विचारतेय, लांब ब्रश कुठे ठेवलाय म्हणून.