द्राक्षमळ्यातील सात बोटे

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला रविवारच्या उपासनेत दर तीन वर्षांनी वाचला जातो. त्यावरील बहुतेक प्रवचनांत मळ्याच्या धन्याचे औदार्य वाखाणले जाते. उशिरा आलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी मिळते, हा देवाच्या कृपेचा महिमा असे सांगितले जाते. यात खोटे काही नाही. परंतु हा सारा दाखला पहाटे ठरलेल्या दिनारावर आणि सायंकाळी तो हातावर पडण्यावर उभा आहे, याचा उच्चार क्वचितच होतो. समोरच्या बाकांवर धनी बसलेले असतात, हे त्याचे कारण असावे काय?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शेतमजुराची बाजू आपल्या समाजाला पटते, पण ती भाविक वेषात आली तरच. हाती जपमाळ, मुखी प्रार्थना आणि खाली झुकलेली मान असेल तर आपले हृदय द्रवते. तोच मजूर हिशेब मागत उभा राहिला, की त्याच्या पाठीशी कोणाची फूस आहे याची चौकशी सुरू होते. ही वृत्ती किती अन्याय्य आहे, हे दाखवण्यासाठी आम्ही आज लॅरी इटलिओंग या मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. अमेरिकेतील शेतमजुरांच्या लढ्यासंबंधी आपल्यापैकी ज्यांनी वाचले आहे, त्यांना सीझर चावेझ हे नाव ठाऊक असेल. इटलिओंग हे नाव बहुधा कोणास ठाऊक नसेल. तो लढा मात्र इटलिओंग यांच्या माणसांनी सुरू केला.

त्यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९१३ रोजी फिलिपाइन्समधील पांगासिनान प्रांतात झाला. शिक्षण सहावीपर्यंत. तो देश तेव्हा अमेरिकेच्या अंमलाखाली होता. १९२९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, वकील होण्याचे स्वप्न घेऊन हा मुलगा अमेरिकेस पोहोचला आणि शेतात, रेल्वेमार्गावर, अलास्काच्या मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबू लागला. तेथील कामात एका हाताची तीन बोटे गेली. ‘सात बोट्या’ हे टोपणनाव त्यांना आयुष्यभर चिकटले.

त्यांच्यासारख्या सहस्रावधी फिलिपिनो तरुणांना पुढे ‘मनोंग’ म्हणजे थोरला भाऊ, दादा, असे आदराने म्हटले जाऊ लागले. पण हे दादा बहुतांशी संसारावाचून म्हातारे झाले. त्यांच्याबरोबर स्त्रिया फारशा आल्याच नव्हत्या आणि गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याची बंदी होती. (जाता जाता सांगावेसे वाटते, की ही बंदी १९४८ मध्ये कोसळली ती आंद्रेआ पेरेझ व सिल्व्हेस्टर डेव्हिस या कॅथलिक जोडप्यामुळे. आमची ख्रिस्तसभा आम्हांस विवाहाचा साक्रामेंत देण्यास तयार असता सरकारने आड का यावे, असा त्यांचा न्यायालयापुढील युक्तिवाद होता.) मनोंगांचे घर म्हणजे मळेवाल्यांच्या छावणीतील खाट. पीक बदलले की खाट बदलायची. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना वगळण्यात आले.

१९६५ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील कोआचेला खोऱ्यात द्राक्षांची तोडणी सुरू झाली. मेक्सिकोहून तात्पुरत्या आणलेल्या मजुरांना सरकारी नियमाने ताशी १ डॉलर ४० सेंट द्यावे लागत. वर्षानुवर्षे तेथेच राबणाऱ्या फिलिपिनो मजुरांना मात्र त्याहून कमी देऊ करण्यात आले. इटलिओंग तेव्हा शेतमजूर संघटन समितीचे काम पाहत होते. त्यांच्या माणसांनी संप केला आणि १ डॉलर ४० सेंट मिळवले. हंगामाबरोबर हे मजूर उत्तरेस डेलानो गावी गेले, तेव्हा पुन्हा तोच जुना दर पुढे आला. ७ सप्टेंबरच्या रात्री डेलानोच्या फिलिपिनो हॉलमध्ये सभा भरली आणि ८ सप्टेंबर रोजी मळ्यांतील काम थांबले. आपण त्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो.

मळेवाल्यांनी छावण्यांचे पाणी, वीज व गॅस तोडले. ज्या खाटेवर तीस-तीस वर्षे पाठ टेकली, तेथून वृद्ध माणसांना बाहेर काढण्यात आले. संपकऱ्यांची चूल फिलिपिनो हॉलच्या स्वयंपाकघरात पेटली.

आता मुख्य मुद्दा. मळेवाल्यांचा जुना डाव असा, की फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकनांना कामावर आणायचे आणि मेक्सिकनांनी केला की फिलिपिनोंना. हे ओळखून इटलिओंग चावेझ यांच्याकडे गेले. चावेझ यांच्या मते त्यांची संघटना संपास अद्याप तयार नव्हती. तरीही १६ सप्टेंबरला ग्वाडालुपे मातेच्या चर्चच्या सभागृहात मेक्सिकन मजुरांनी संपाच्या बाजूने कौल दिला. एकाच चुलीवरचे जेवण दोन्ही समाज जेवू लागले. १९६६ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या, तेव्हा चावेझ प्रमुख झाले आणि इटलिओंग दुय्यम.

यानंतरचा भाग आपल्याला परिचित असतो. ग्वाडालुपे मातेचा ध्वज घेऊन निघालेली आणि ईस्टरच्या दिवशी सॅक्रामेंटोस पोहोचलेली पदयात्रा, १९६८ चा चावेझ यांचा उपवास, तो सोडतानाची मिस्सा आणि शेजारी बसलेले रॉबर्ट केनेडी. ही दृश्ये कॅथलिक मनास भिडतात आणि भिडावीतच. पण तोंडात सिगार, एकाहून अधिक विवाह, रांगडी जीभ आणि सात बोटे असलेला मनुष्य कोणत्या पवित्र चित्रात बसवावा? म्हणून तो वगळला गेला. ‘रेरुम नोव्हारुम’ (१८९१) या परिपत्रकात मजुरास संघटनेचा हक्क मान्य करताना पोप लिओ तेरावे यांनी त्याच्या खासगी चारित्र्याचा दाखला मागितलेला नाही.

डेलानोचे कित्येक मळेवाले क्रोएशियन व इटालियन वंशाचे कॅथलिक होते. मजूरही बहुसंख्य कॅथलिक. धनी आणि मजूर एकाच विश्वासाचे, ख्रिस्तप्रसाद एकच. अशा ठिकाणी आपल्या धर्माधिकाऱ्यांनी प्रथम पुढे यावयास हवे होते. प्रत्यक्षात स्थानिक धर्मप्रांताने प्रारंभी अंतर राखले आणि संपकऱ्यांच्या पाठीशी आधी उभे राहिले ते प्रॉटेस्टंट बांधवांचे स्थलांतरित मजूर सेवाकेंद्र. अमेरिकेच्या महागुरुस्वामींनी शेतमजुरांसाठी समिती नेमली १९६९ च्या अखेरीस. त्या समितीने समेटाचे काम चांगले केले, हेही मान्य केले पाहिजे. २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. तोवर जवळजवळ पाच वर्षे लोटली होती.

धर्मगुरूने मजुरीच्या भानगडीत पडू नये, हा उपदेश आमच्याही कानी येतो. उपदेश करणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. आपल्या वाडीत खुरपणीला, केळीचे लोंगर उचलायला येणाऱ्या आदिवासी भगिनीला आपण काय देता, हे ठरवताना तिला विचारले होते काय? किमान वेतनाचा भारतातील १९४८ चा कायदा शेतीकामास वगळून झाला नव्हता. आमच्याकडे तो डेलानोचा बहाणाही नाही. नाताळला तिला साडी दिली जाते, त्याची वाच्यताही होते. साडी ही देणगी आहे आणि मजुरी हे ऋण. देणगीने ऋण फिटत नाही, हे वाडीचा हिशेब ठेवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरी शांतपणे वाचावा. त्यात अडवून ठेवलेली मजुरी कोणाच्या कानी जाते, ते लिहिले आहे.

इटलिओंग यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये संघटनेचा राजीनामा दिला. नव्या व्यवस्थेत वृद्ध मनोंगांची कामे हातची जात होती आणि नेतृत्वाच्या वर्तुळात त्यांचे ऐकले जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांनी पहिल्या दिवशी काम थांबवले, तेच आता मागे पडले होते. १९७४ साली डेलानोजवळ अग्बायानी वसाहत उभी राहिली. संपाच्या पहाऱ्यावर उभे असताना हृदयविकाराने कोसळलेल्या पाउलो अग्बायानी यांचे नाव तिला दिले गेले. तेथे काही मनोंगांना अखेर स्वतःच्या दाराची खोली मिळाली. इटलिओंग ८ फेब्रुवारी १९७७ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, डेलानोतच वारले. कॅलिफोर्निया राज्याने २५ ऑक्टोबर हा त्यांच्या नावाचा दिवस म्हणून पाळण्याचे कायद्याने ठरवले ते २०१५ साली.