बोंडलें, वाटी आणि बाटली

दौंडच्या एका भगिनींनीं या सदराकडे प्रश्न पाठविला आहे कीं, चार महिन्यांच्या बाळाला घरीं ठेवून नोकरीवर परत जावयाचें आहे, तर दुधाची बाटली कोणती घ्यावी, व बाळ ती तोंडांत धरीत नसल्यास काय करावें? शिरूरच्या एका आजीबाईंचें विचारणें असें कीं, घरांत चांदीचें बोंडलें असतां बाटली हवी कशाला? दोन्ही प्रश्न वस्तुतः एकाच विषयाचे आहेत. म्हणून त्यांचा विचार एकत्रच करूं.

प्रथम मूळ गोष्ट. पहिले 6 महिने बाळाला केवळ आईचें दूध द्यावें, पाणीही देऊं नये, आणि पुढें इतर अन्नासह निदान 2 वर्षें तें चालूं ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या प्राचीन वैद्यांचें धोरणही याहून निराळें नव्हतें. आईला दूध नसल्यास धात्री कशी निवडावी याचा विचार चरक-सुश्रुतांनीं केला. स्तन्याच्या अभावीं शेळीचें किंवा गाईचें दूध वाग्भटानें सांगितलें. तात्पर्य, वरचें दूध हा अभावाचा उपाय होय, सोयीचा नव्हे. पहिल्या 6 महिन्यांत गाईम्हशीचें दूध वैद्यकीय सल्ल्यावांचून देऊं नये, हें आजच्या शास्त्राचें सांगणें त्याला जोडून घ्यावें.

परंतु नोकरी सुटत नाहीं, ही अडचणही खरी आहे. शिरूरकडे रांजणगांव व दौंडकडे कुरकुंभ येथील कारखान्यांत अनेक माता जातात. सन 2017 च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानें मिळते. हक्काची रजा भिडेपोटीं सोडूं नये. ती नसेल तेथें आईनें आपलें दूध स्वच्छ हातांनीं पिळून झांकणाच्या भांड्यांत ठेवावें. साध्या हवेंत तें सुमारें 4 तास टिकतें. आपल्याकडच्या उन्हाळ्यांत शीतकपाटांतच ठेवणें बरें. आईच्या दुधाचें मोल किती, हें मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयानें ओळखलें, व डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें 1989 सालीं तेथें मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आतां साठविलेलें दूध पाजावें कशानें? या बाबतींत आजीबाईंचा पक्ष बराच सबळ आहे. बोंडलें उघडें असतें. त्याला सांदीकोपरा नाहीं, घासून उकळलें कीं निर्मळ होतें. दक्षिणेंत त्यालाच पालडै म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध देण्यास रुग्णालयांतून तें वापरतात. वाटी-चमच्याचाही गुण तोच. मात्र बाळाला पायांवर आडवें टाकून, नाक दाबून दूध घशांत ओतण्याची जी जुनी रीत होती, ती सर्वथा सोडावी. दूध श्वासमार्गांत जाऊन जीव धोक्यांत येतो. बाळाला उभट धरावें, बोंडल्याची चोंच खालच्या ओठाला लावावी, आणि तें आपल्या गतीनें पिईल तसें पिऊं द्यावें.

बाटलीचा इतिहास फारसा गौरवाचा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या. नळी आंतून धुतां येत नसे, आणि बालकें दगावूं लागल्यावर लोक त्यांना मारक बाटल्या म्हणूं लागले. आपल्या देशांत 1992 च्या कायद्यानें दुधाच्या बाटल्यांची व बाळदुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास मनाई झाली, आणि 2003 सालीं तो कायदा अधिक कडक करण्यांत आला. जी वस्तु वाखाणण्यासही कायदा बंदी करतो, ती घेतांना जपूनच घ्यावी.

तरीही घेणें भाग पडल्यास आय.एस.आय. चिन्ह पाहावें. प्लास्टिकच्या बाटलीवर आय.एस. 14625 व कांचेच्या बाटलीवर आय.एस. 5168 हा मानकाचा क्रमांक असतो. तोंड रुंद असावें, म्हणजे ब्रश तळापर्यंत पोंचतो. बाटली पारदर्शक व साध्या घडणीची असावी; चित्रविचित्र आकारांच्या कोपऱ्यांत दूध आंबतें. निपल मऊ व बारीक छिद्राचें असावें. बाटली उलटी धरतां थेंब थेंब पडावा, धार लागूं नये. धार लागल्यास बाळ ठसकतें. छिद्र फारच बारीक असल्यास थकून रडतें व वारा गिळतें.

बाळ बाटली नाकारतें तेव्हां भुकेनें कळवळेपर्यंत थांबूं नये. आईऐवजीं दुसऱ्या कोणी, बाळ शांत असतां, थोडें कोमट दूध द्यावें. जुलूम करूं नये. तरीही न घेतल्यास वाटी पुढें करावी. पुष्कळ बाळें ती आनंदानें पितात. बाटली आडवीशी धरून मधून मधून विसावा द्यावा, आणि शेवटीं खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. उशीला टेकवून बाटली तोंडांत ठेवणें, अथवा ती देऊन झोंपविणें, हें गुदमरण्यास, कान दुखण्यास व पुढें दांत किडण्यास कारण होतें.

प्रत्येक वेळीं बाटली व निपल सुटें करून घासावें आणि पाण्यांत पूर्ण बुडवून खळखळ उकळावें. आपल्या भागांत एक विशेष सावधगिरी हवी: उसाला भरपूर खत पडतें तेथील विहिरींत व कूपनलिकेंत नायट्रेट उतरूं शकतें, आणि उकळल्यानें तें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. असें पाणी तपासून घेतल्यावांचून बाळाला देऊं नये. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून ती 70 अंशांहून कमी नसलेल्या उष्ण पाण्यांत कालवावी, कोमट करून 2 तासांच्या आंत पाजावी, आणि उरलेलें टाकून द्यावें.

टाकून देणें जिवावर येतें हें खरें. परंतु महाग डबा अधिक दिवस पुरावा म्हणून एक माप कमी घालणें ही काटकसर नव्हे. पोट भरलेलें दिसतें आणि बाळ उपाशी राहतें. जुलाब लागले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आईचें दूध मात्र वाटेंतही थांबवूं नये.

सारांश, आईचें दूध पहिलें, वाटी किंवा बोंडलें दुसरें, बाटली शेवटची. हा क्रम सांभाळला म्हणजे आजीचा अनुभव व सुनेची नोकरी यांत विरोध उरत नाहीं.