शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?

सदर : सूर आणि शिफ्ट

तुकोबांच्या अभंगावर कुणाचाही कॉपीराइट नाही. तरीही भोसरी, चिखली, निघोजे, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या भजनी मंडळांच्या मोबाइलवर मेल येऊन पडतात : तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत सापडलं आहे. मंडळी बिचकतात. कुणी व्हिडिओ काढून टाकतं, कुणी चॅनेलच बंद करून मोकळं होतं. आणि कुणी चिडून विचारतं, देहू हाकेच्या अंतरावर, भंडाऱ्याचा डोंगर तळेगाव-चाकण रस्त्यावरून रोज दिसतो, मग तुकोबा गायला आम्हाला परवानगी कुणाची?

प्रश्न रास्त आहे. अभंग गायला परवानगी लागत नाही. पण आपण तो गातो ती चाल कुठून आली, हे आपण विचारत नाही, आणि सगळी अडचण तिथे आहे. ‘अभंग तुकयाचे’ घराघरांत पोचले ते लतादीदींच्या आवाजात. त्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खळेकाका सप्टेंबर २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. शब्द सतराव्या शतकातले, सगळ्यांचे. चाल खळ्यांची. आणि एचएमव्हीने, म्हणजे आजच्या सारेगामाने, केलेलं ध्वनिमुद्रण ही तिसरीच गोष्ट, तिचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. एका अभंगात हे तीन थर असतात, आणि मेल आला की तो नेमका कुठल्या थराबद्दल आहे हे आधी पाहायला हवं.

निघोज्याच्या बाजूला कारखान्यातल्या कामगारांचं एक मंडळ आहे. त्यांच्या तालमीला मी बसलो होतो. फर्स्ट शिफ्ट सुटून, घरी चहा घेऊन माणसं जमली. पखवाजाला कणीक लागली, पेटीवर काळी दोनचा सूर धरला गेला, रूपाचा अभंग झाला, मग गवळण. तालीम संपल्यावर पेटीवाल्या दादांनी मोबाइल पुढे केला. दोन व्हिडिओंवर क्लेम होते. पहिल्यात चालीचं नाव होतं आणि हक्कदार म्हणून संगीताचा प्रकाशक. चाल कॅसेटवरून उचललेली होती, त्यामुळे तो क्लेम बरोबर होता. दुसऱ्यात मात्र म्हटलं होतं की तुम्ही आमचं ध्वनिमुद्रण वापरलंत. व्हिडिओत तर त्यांचाच पखवाजवाला समोर मांडी घालून वाजवताना दिसतो, टाळकरी त्यांचेच आणि चाल वारीतली, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. कुठल्या तरी कंपनीने तीच पारंपरिक चाल कधी तरी मुद्रित करून यूट्यूबच्या यंत्रणेत नोंदवली होती, आणि यंत्राला दोन्ही सारखी वाटली. हा क्लेम साफ चुकीचा होता.

दादांनी दोन्ही व्हिडिओ काढून टाकायचं ठरवलं होतं. याचंच मला वाईट वाटतं. जिथे देणं लागतो तिथे माणसं बेफिकीर राहतात आणि जिथे हक्काने उभं राहायचं तिथे माघार घेतात.

यूट्यूबची ही यंत्रणा, ‘कंटेंट आयडी’, २००७ पासून चालू आहे. ती क्लेम लावते तेव्हा बहुतेक वेळा एवढंच होतं की त्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचा पैसा हक्कदाराकडे वळतो. मंडळाच्या चॅनेलला मुळात कमाई नसते, त्यामुळे नुकसान काही नाही. व्हिडिओ तसाच राहतो. कधी तो अडवला जातो, तेव्हा मात्र दिसेनासा होतो. स्ट्राइक हे वेगळं प्रकरण आहे. हक्कदाराने रीतसर काढून टाकायची मागणी केली की स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनेल जातं. दहा-दहा वर्षांच्या वार्षिकोत्सवांचे व्हिडिओ त्याच्याबरोबर जातात. म्हणून मेल नीट वाचायचा. चालीचा क्लेम असेल आणि चाल खरंच एखाद्या संगीतकाराची असेल तर वाद घालू नये. ध्वनिमुद्रणाचा क्लेम असेल आणि वाजवणारे आपणच असू, तर हरकत नोंदवायचीच. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही तर क्लेम गळून पडतो.

हे फक्त आपल्यासारख्या साध्या मंडळांच्या वाट्याला येतं असं नाही. २०१८ मध्ये जेम्स ऱ्होड्स या इंग्रज पियानोवादकाने घरी बसून बाखची रचना वाजवली आणि फेसबुकवर टाकली. बाख वारला १७५० मध्ये. तरी सोनी म्युझिकच्या नावाने दावा लागून त्यातल्या ४७ सेकंदांचा आवाज बंद झाला. ऱ्होड्सने जाहीर आरडाओरडा केला तेव्हा तो दावा मागे घेतला गेला. त्याच्या मागे हजारो चाहते होते. निघोज्याच्या मंडळामागे कोण आहे?

काही समजुती मात्र आपण मनातून काढून टाकल्या पाहिजेत. तीस सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं, असं आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. खाली मूळ गायकाचं नाव दिलं की परवानगी मिळाली, असंही नाही. आणि सगळ्यात पक्की समजूत म्हणजे मंडपात वाजलं तर व्हिडिओलाही मुभा आहे. कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे हे खरं. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रम, खराखुरा धार्मिक विधी, लग्नाची वरात, यांना ती लागू होते. पण ती सूट त्या ठिकाणी, त्या वेळी झालेल्या सादरीकरणापुरती आहे. तोच कार्यक्रम चित्रित करून जगासमोर ठेवला की गोष्ट बदलते. गोव्यात सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून लग्न आणि धार्मिक कार्यक्रमांतल्या संगीताबद्दल परवानगीचा आग्रह धरायचा नाही असं सांगितलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. जी सूट प्रत्यक्ष समारंभातही इतकी जपून मोजली जाते, ती व्हिडिओपर्यंत ताणता येणार नाही.

यात कंपन्यांनीही लक्ष घालावं. चाकणच्या कारखान्यांत खंडेनवमीला मशीनची पूजा होते, गणपती बसतो, फॅमिली डे होतो. एचआरचा एखादा उत्साही मुलगा त्याचं रील करून कंपनीच्या पानावर टाकतो आणि मागे गाजलेलं सिनेमातलं गाणं लावतो. इन्स्टाग्रामने गाण्यांचे करार करून ठेवले आहेत ते मुख्यतः वैयक्तिक खात्यांसाठी. कंपनीच्या खात्याला तो साठा सहसा खुला नसतो. तिथे ते गाणं कंपनीच्या नावाला जोडलं जातं, म्हणजे जाहिरातच होते, आणि हक्कदार त्याचे पैसे मागू शकतो.

कराओकेवाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये निवृत्त मंडळींचे गट पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आनंदात मला विरजण घालायचं नाही. कराओकेचा ट्रॅक हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण असतं, त्यालाही मालक असतो. सभागृहात गा, मनसोक्त गा. फेसबुकवर थेट दाखवू लागलात की गाण्याच्या मधेच आवाज बंद होऊ शकतो.

आणि गायचंच असेल तर मोकळं रान केवढं आहे! ‘संगीत स्वयंवर’ १९१६चं. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. २००८ संपलं तेव्हा त्या पदांवरचा शेवटचा हक्क संपला. आपली पेटी, आपला तबला, आपला गळा घेऊन ती पदं कुणीही गावीत, व्हिडिओ करावा, त्यातून कमवावं. ‘कट्यार काळजात घुसली’चं तसं नाही, अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०५८ अखेरपर्यंत राखीव. ‘गीतरामायण’ तर दोन हातांत आहे : गदिमा १९७७ मध्ये गेले म्हणून शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, बाबूजी २००२ मध्ये गेले म्हणून चाली २०६२ अखेर. वारीतल्या जुन्या चाली आजही मोकळ्या आहेत. आणि मंडळात एखादा जाणता पेटीवाला असेल तर त्याने तुकोबांना स्वतःची चाल लावावी. ती चाल त्याची होईल, कायद्यानेही.

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते असं. हा कायदा फक्त कंपन्यांचा नाही, पखवाजवाल्याचाही आहे. कायद्याने सादर करणाऱ्याला स्वतःचा हक्क दिला आहे, तो ५० वर्षांचा. तुमचं भजन तुमच्या संमतीशिवाय कुणी चित्रित करून पसरवू शकत नाही, आणि तुमचं नाव लागलं पाहिजे ही मागणीही तुम्ही करू शकता. आपल्याकडे काय होतं? सप्ताहात, स्पर्धेत कुणी तरी कॅमेरा लावतो, व्हिडिओ त्याच्या चॅनेलवर जातो, लाखांनी बघितला जातो, पैसा त्याला मिळतो, आणि गाणाऱ्याचं नावसुद्धा खाली नसतं. पेटीवाल्या दादांचा एक अभंग असाच दुसऱ्याच्या चॅनेलवर आहे. त्यांना त्याचा अभिमान वाटतो. अभिमान वाटावाच, पण परवानगी त्यांना कुणी विचारली नव्हती, आणि विचारायला हवी होती. ज्या तत्त्वाने खळ्यांच्या चालीला मान द्यायचा, त्याच तत्त्वाने दादांच्या गळ्याला मान मिळाला पाहिजे. २०१२च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकारांना रॉयल्टीचा जो वाटा मिळाला, तो त्यांनी भांडून मिळवला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की रेडिओने गाणं वाजवलं तर ध्वनिमुद्रणापलीकडे शब्द आणि चालीचं देणं वेगळं लागतं. कारखान्यात ओव्हरटाइमचा हिशेब पै-पैने करणाऱ्या माणसाला हा विचार परका वाटू नये.

म्हणून माझी मागणी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे आहे. कामगारांच्या भजन स्पर्धा हे मंडळ वर्षानुवर्षं घेत आलं आहे, आणि मला त्या कामाचा आदर आहे. स्पर्धेच्या अर्जात प्रत्येक अभंगापुढे दोन रकाने वाढवा : रचना कुणाची, चाल कुणाची. पारंपरिक असेल तर तसं लिहू दे. तिसरा रकाना चित्रीकरणाच्या संमतीचा, आणि तो रिकामा असेल तर कॅमेरा बंद. चालींची ही नोंद वर्षागणिक साठत जाईल, आणि कुणी कंपनी वारीतल्या चालीवर मालकी सांगू लागली तर तिच्यासमोर ठेवायला कागद असेल. बिनबुडाच्या दाव्याच्या धमकीविरुद्ध न्यायालयात जायची सोय कलम ६० मध्ये आहे, पण शिफ्ट सांभाळणारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढणार नाही. त्याच्या वतीने पत्र लिहायला मंडळाने एक वकील नेमावा. महापालिकेच्या सांस्कृतिक विभागानेही हे करावं. पुढच्या स्पर्धेचे अर्ज छापायच्या आत.