ज्या शेताला कर्ज नाहीं, तें शेत काय शिकविणार ?

शेतकरी बंधूंनो, आमच्या देवळाली प्रवरेच्या शिवारांत एकदां डोळे उघडे ठेवून फिरा. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. प्रवरेच्या पाटाचें पाणी आलें, त्यामागें ऊंस आला, उंसामागें पैका आला. पण पाण्याला वाट काढून द्यावयाची राहिली. वरच्यानें वाफे तुडुंब भरले, खालच्याच्या रानांत तें पाणी मुरलें आणि काळी कसदार जमीन चोपण झाली. पावसांत पाय रुततो, उन्हांत कुदळ उडते, अशी तिची गत. माझ्या वर्गांतील एका मुलाच्या बापाचें दीड एकर रान आज असेंच हरळी उगवीत पडलें आहे.

मी मराठी शाळेचा मास्तर. अध्यापक विद्यालयांत शिकलों. शेतकीची पदवी माझेपाशीं नाहीं. पण कुणब्याच्या घरीं वाढलों आहें, म्हणून चार शब्द लिहितों.

आमच्याच राहुरी तालुक्यांत १९६८ सालीं कृषि विद्यापीठ झालें आणि त्याला महात्मा फुल्यांचें नांव आहे. त्याचे उपकार आम्ही विसरत नाहीं. हलक्या रानाला फुले अनुराधा ज्वारी, पाडेगांवच्या केंद्रांतून निघालेला फुले २६५ ऊंस, गोठ्याला फुले त्रिवेणी गाय, हें सारें त्या विद्येचें फळ आहे. परंतु बियाणें देणें निराळें आणि शेतकरी घडविणें निराळें.

जोतीरावांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" पुरा केला. त्यांत त्यांनीं सरकारला सुचविलें कीं, शेतमालाचीं प्रदर्शनें भरवा, पिकांची व औत हाकण्याची परीक्षा घ्या, उत्तम ठरेल त्याला बक्षीस द्या. म्हणजे परीक्षा बांधावर, रुमणें हातांत धरून ! आज आमचा पोरगा शेतकीच्या कॉलेजांत चार वर्षें काढतो आणि पुढें बहुधा पुण्यास स्पर्धा परीक्षेची खोली धरतो. मी त्याला बोल लावीत नाहीं. जेथें खुरपें धरणारा रोजंदारीचा गडी आणि वही धरणारा साहेब, तेथें शहाणा पोरगा काय शिकेल ? लेखणी वर आणि खुरपें खालीं, ही उतरंड फार जुनी आहे. तिनें नुसते कपडे बदलले.

मागील हंगामांत एका कॉलेजचे विद्यार्थी कृषिदूत म्हणून गांवीं राहावयास आले. मुलें गुणी, नम्र. त्यांनीं त्या दीड एकराची माती तपासून आणली. सामू नऊच्या वर निघाला. जिप्सम टाका, शेणखत घाला, धैंचा गाडा, निचऱ्याचे चर काढा, असें त्यांनीं सांगितलें. सारें खरें होतें. बापानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "बाळांनो, चर काढीन, पण पाणी कुणाच्या रानांत सोडूं ? आणि दोन वर्सं ऊंस नाहीं लावला, तर सोसायटीचा हप्ता कशांतून भरूं ?" मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. त्यांचा काय दोष ? हा प्रश्न त्यांच्या कोणत्याही पेपरांत आला नव्हता.

कोणी म्हणेल, कॉलेजचें शेत ही प्रयोगशाळा आहे, तेथें नफा पाहूं नये. प्रयोगाच्या वाफ्यापुरतें तें खरें आहे. नवें वाण पारखतांना दहा वाफे बुडाले तरी विद्या वाढते. पण ज्या शेतावर शेतकरी घडवावयाचा, त्या शेताचा तोटा कोणाच्याच चुलीपर्यंत पोंचत नसेल, तर त्या मुलाला शेतीतील अर्धी गोष्ट कळलीच नाहीं.

हें अशक्य नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं "गुलामगिरी" हें पुस्तक अमेरिकेंत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलें. त्याच अमेरिकेंत १८८१ सालीं बुकर वॉशिंग्टननें टस्कीगी येथें काळ्या लोकांच्या मुलांसाठीं शाळा काढली. त्या मुलांनीं स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या, शेत पिकवून खाल्लें. गुलामींत जन्मलेला कार्व्हर १८९६ सालीं तेथें शेतकी शिकवावयास आला. कापसानें झिजलेल्या रानांत चवळी, भुईमूग घ्या, असें तो सांगे. १९०६ पासून तेथील अवजारांची गाडीच शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊं लागली. आणि आमच्या कर्मवीर भाऊराव पाटलांची "कमवा आणि शिका" योजना तर घरचीच आहे.

म्हणून माझें मागणें एवढेंच. प्रत्येक शेतकी कॉलेजनें पांच एकर रान विद्यार्थ्यांच्या हवालीं करावें. त्यांतील एक एकर चोपण असावें. त्यावर पीककर्ज धरावें, व्याज खर्चांत मांडावें. नांगरणीपासून काढणीपर्यंत हात विद्यार्थ्यांचे असावे व त्याची मजुरी त्यांना मिळावी. माल राहुरीसारख्या उघड्या बाजारांत विकावा. हमाली-तोलाई वजा झालेली पट्टी वहींत चिकटवावी. वर्षाअखेर तो जमाखर्च, तोट्यासकट, ग्रामसभेंत वाचावा आणि पदवीच्या गुणांत धरावा. मग शेतकरी त्यांना प्रश्न विचारतील, तीच खरी तोंडी परीक्षा.

आणि आपल्याही पदराला गांठ मारूं या. "शिकूनसवरून शेतींतच मरायचं का ?" हें वाक्य आपणच पोरांच्या कानीं घालतों. निचऱ्याचा चर आपल्या बांधावरून जाऊं देत नाहीं, तेही आपणच. जिप्सम दुकानांत मिळेल, पण शेजाऱ्याची संमति कोणत्या दुकानांत मिळणार ? कॉलेजनें वही उघडावी, आपण बांध उघडावा. पुढच्या पावसाळ्याआधीं आमच्या गांवीं त्या दीड एकराच्या चराला वाट कोण देतो, तें ग्रामसभेंत विचारणार आहें.